आठ वाजताची गोळी

सकाळी आठ वाजले की सर ओट्यावर यायचे. एका हातात स्टीलचा पेला, दुसऱ्या तळव्यावर एक पांढरी गोळी. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात मोजे. बघणाऱ्याला वाटावं, स्वारी झेंडावंदनाला निघाली. ते गोळी जिभेवर ठेवायचे, पाणी प्यायचे, रिकामा पेला उंच धरायचे आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "घेतली!"

समोरच्या पत्र्याच्या घरातून मावशी तितक्याच जोरात ओरडायच्या, "व्हय, बघितलं!" मग चुलीतला कोळसा उचलून त्या आपल्या भिंतीवर एक उभी रेघ ओढायच्या. तोवर थबकलेला दूधवाला पुढं निघायचा.

मी खोली बघायला गेले ती नेमकी आठ वाजता. शहराच्या कडेला, हर्सूलच्या अलीकडे, गल्लीच्या अगदी टोकाला सरांचं घर होतं. खाली सर एकटे आणि वर भाड्याची एक खोली. हा सोहळा बघून मी काही तरी बोलायचं म्हणून विचारलं, "बीपीची का, सर?"

"डिप्रेशनची," सर म्हणाले. "हा आंबा आहे, तो पेरू आहे" असं म्हणावं, तसं. मी चटकन मागं वळून पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना. ऐकलं सगळ्यांनीच होतं, पण मान कुणीच वळवली नव्हती. "खोली वर आहे. पाण्याचा दिवस आठवड्यातून एक. तू काय करतेस?"

"फार्मसिस्ट आहे. मेडिकलवर."

"मग बीपीची गोळी आणि ही गोळी लांबून ओळखता यायला पाहिजे," ते म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात दिली. त्या दिवसापासून त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. मी 'फार्मसी' झाले, ती झालेच.

सरांनी उभं आयुष्य अकरावी-बारावीला प्राणिशास्त्र शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर बाकीचे मास्तर प्लॉट बघतात, नाही तर क्लास काढतात. सरांनी दुरुस्त्या काढल्या. आपण शिकवलेलं पुढं खोटं किंवा अर्धवट ठरलं, तर ते विद्यार्थ्याला कळवणं ही मास्तरचीच जबाबदारी, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी एक जाड वही होती. तिच्यात बॅचवार नावं, आणि नावापुढे कुठली दुरुस्ती पोचली, कुठली राहिली. आधी ते फोन करायचे, नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज पाठवायला शिकले. सुरुवात ठरलेली: "दुरुस्ती आहे. लिहून घे." कुणाच्या लग्नात, कुणाच्या दुकानात, एकदा तर कुणाच्या दहाव्याला त्यांनी दुरुस्ती दिल्याचं मी ऐकलंय.

एक दुरुस्ती मी डोळ्यांनी पाहिली. शनिवारची संध्याकाळ, गुलमंडीवर पाय ठेवायला जागा नाही, आणि मी सरांच्या स्कूटरवर मागं. सरांच्या डोक्यात हेल्मेट. ते पायी चालतानाही हेल्मेट घालायचे, तेव्हा त्याचं मला नवल उरलं नव्हतं. मधोमध वाहतूक पोलीस उभा होता. सरांनी त्याच्यापुढं नेऊन स्कूटर बंद केली.

"बारावी ब. शेवटून दुसरा बाक."

पोलिसाची शिट्टी तोंडातून गळाली. "सर, तुम्ही!"

"मी तुम्हाला सांगितलं होतं, माणूस मेंदूच्या जेवढ्या पेशी घेऊन जन्मतो तेवढ्याच, पुढं एकही नवी होत नाही. दुरुस्ती आहे. एका कोपऱ्यात मोठेपणीही नव्या होत असाव्यात. माणसात किती होतात, यावर शास्त्रज्ञांची भांडणं चालू आहेत. लिहून घे."

मागं हॉर्नचा कल्ला. एक रिक्षावाला ओरडला, "ओ चचा, स्कूल खोले क्या इधर? बाजू लो ना!" पोलिसानं मात्र खिशातलं पेन काढून खरोखर तळहातावर लिहून घेतलं. मग हळूच विचारलं, "सर, माझ्या मार्कांत काही फरक?"

"नाही. तू तसाही ऑक्टोबरात पास झालास."

मी हसून हसून स्कूटरवरून पडायची राहिले. आता वाटतं, त्या महिन्यातलं ते माझं शेवटचं हसणं असावं.

माझं काय चाललं होतं ते सांगायला मेडिकलपासून सुरुवात करायला हवी. आमच्या काउंटरवर खोकल्याचं औषध लोक मोठ्यानं मागतात. डिप्रेशनच्या गोळीची चिठ्ठी मात्र चार घड्या होऊन येते. "भावासाठी हाय," असं न विचारता सांगतात. मी ती पाकिटं आधी वर्तमानपत्रात बांधायची, मग काळ्या पिशवीत घालायची. आपण किती समजूतदार, याचा मला अभिमान होता. गिऱ्हाइकाची लाज झाकता झाकता ती लाज खरीच असल्याची पावती आपण देतोय, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

मग ते माझ्याकडेच आलं. ताप नाही, दुखणं नाही. सकाळी डोळे उघडायचे आणि अंगावर कुणी ओली गादी टाकल्यासारखं वाटायचं. कामावर जायची, कारण न जाण्याचं कारण सांगायलाही त्राण लागतं. आल्यावर दिवा न लावता पडून राहायची. देवगाव रंगारीहून आईचा फोन यायचा. "जेवलीस का गं?" "जेवले." हे रोजचं खोटं. आजाराची सगळी लक्षणं मला पाठ होती, परीक्षेत लिहिली होती, तरी ती आपली आहेत हे काही मला सुचलं नाही.

ओळखलं सरांनी, तेही पाण्यावरून. आमच्याकडे पाण्याचा दिवस म्हणजे सणच असतो. नळाची वेळ झाली की घराघरांतून पाइप निघतात, मोटारी लागतात, भांडणं होतात. वरच्या भाडेकरूनं आपला पाइप खिडकीतून खाली सोडायचा आणि ड्रम भरून घ्यायचा, असा आमचा नेम. एका संध्याकाळी दार वाजलं. दारात सर.

"फार्मसी, दोन पाण्याचे दिवस झाले, तुझा पाइप खाली आला नाही. अंघोळ करतेस की नाही?"

कुठला घरमालक असं विचारतो? मला खरं तर राग यायला हवा होता. पण मला रडूच फुटलं, आणि ते थांबेना. सरांनी समजूत घातली नाही की डोक्यावर हात ठेवला नाही. कोपऱ्यातली रिकामी बादली पालथी घातली, तिच्यावर बसले आणि माझं रडणं होईपर्यंत बसून राहिले. मग म्हणाले, "उद्या माझ्या डॉक्टरांकडे. सुट्टी सांगून ठेव."

दवाखान्यात मी ओढणीनं तोंड गुंडाळून कोपरा धरला. सरांनी शेजारच्या अनोळखी गृहस्थांना मोठ्यानं सांगितलं, "ही माझी भाडेकरू. आम्ही दोघं एकाच डॉक्टरांचे." मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. ते गृहस्थ म्हणाले, "मी पण. बरे आहेत डॉक्टर." सगळा कोपरा गप्पा मारायला लागला.

गोळी सुरू झाली. मी ती पाकिटातून काढून कॅल्शियमच्या बाटलीत भरून ठेवली, म्हणजे कुणी आलं-गेलं तर कॅल्शियम दिसावं. नवव्या दिवशी मी सरांना म्हटलं, "काही उपयोग नाही. बंद करते."

पाण्याचा दिवस होता. सरांनी मला नळापाशी नेलं. घर टोकाचं, त्यामुळे गल्लीभरच्या मोटारी चालू झाल्या की आमच्या नळाची धार सुतळीएवढी व्हायची.

"मेंदूतल्या दोन पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात," सर म्हणाले. "मधे फट असते. केसाहून कितीतरी बारीक. निरोप द्यायचा तर पहिली त्या फटीत रसायन सोडते आणि समोरची ते झेलते. नुसतं सोडून भागत नाही, झेलणारं पाहिजे. आणि जे उरतं ते सोडणारी पेशीच परत ओढून घेते."

"मोटार लावून."

"मोटार लावून! तुझी गोळी त्या मोटारीला आवरते. म्हणून रसायन फटीत जरा जास्त वेळ टिकतं. हे पुस्तकात आहे, तुला पाठ आहे. सेरोटोनिन कमी म्हणून माणूस उदास, असं मी वर्षानुवर्षं पोरांना सांगत आलो. सोपं होतं, पोरांना पटायचं. दुरुस्ती आहे."

मी नळाखाली बादली सरकवली.

"एवढं सोपं ते नाही. मोटारीला तर गोळी पहिल्या दिवसापासूनच आवरते. मग माणूस पहिल्याच दिवशी का हसत नाही?"

"फरक पडायला काही आठवडे लागतात," हे मी गिऱ्हाइकांना दिवसातून चार वेळा सांगायची. का लागतात, हे स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं.

"आता म्हणतात, दीर्घ ताणानं पेशींच्या फांद्या आखडतात. जोड कमी होतात. निरोप निघतो, पण वाटाच मोडलेल्या. गोळीनं पाणी टिकतं, आणि त्या ओलीवर हळूहळू नवी फूट येते. पाणी घातलं म्हणून झाडाला दुपारी फांदी येते का? सगळं कळलंय असं अजून कुणीच म्हणत नाही. कळलं की कळवीन. तोवर तू थांबायचंस. हा धीर धरायचा उपदेश नाही, फार्मसी. फांदीला लागणारा वेळ आहे."

मी थांबले. आणि एक दिवस, पाचव्या की सहाव्या आठवड्यात, मावशींच्या शेळीनं माझी ओढणी खाल्ली आणि मला तिचा मनापासून राग आला. राग यावा इतका जीव परत आलाय, हे लक्षात येऊन मी तिथंच उभी राहून हसले.

इथं ही गोष्ट संपती तर बरं झालं असतं. पण शहाणपणाचा मक्ता घेतलेल्या माणसानं करावा तो गाढवपणा मी केला. तब्येत छान झाली, त्यातच दौलताबादकडचं एक स्थळ आलं. ती मंडळी खोली बघायला येणार, कुणी ती बाटली उघडली तर? मी गोळी बंद केली. डॉक्टरांना विचारलं नाही, सरांना सांगितलं नाही. "मनानं बंद करायची नाही हं," हे वाक्य काउंटरवर बोलून बोलून माझ्या जिभेला घट्टे पडले होते, पण ते गिऱ्हाइकांसाठी होतं. मी फार्मसिस्ट ना! स्थळ पुढं सरकलं नाही ते नाहीच. महिन्याभरात ओली गादी मात्र परत आली, पहिल्याहून जड. एक दिवस काउंटरवर हातातली चिठ्ठी मला वाचता येईना. अक्षरं दिसत होती, अर्थ लागत नव्हता. मालकांनी रिक्षात बसवून घरी पाठवलं.

सर वर आले. पुन्हा तीच बादली पालथी घातली. मी भिंतीकडे तोंड करून सांगितलं, "गोळी सोडली होती."

आता बोलणी बसणार, असं मी धरून चालले होते. सर म्हणाले, "दोनदा."

"काय?"

"मी दोनदा सोडली. बरं वाटलं म्हणून. शास्त्राचा मास्तर, मला कोण सांगणार? दुसऱ्या वेळी बायकोनं मला कुठून परत आणलं ते सांगत नाही. एवढंच सांगतो की दौलताबादच्या रस्त्याला मी आजही स्कूटर घालत नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "ती जायच्या आधी दवाखान्यात तिनं समोरच्या मावशीला बोलावून घेतलं. म्हणाली, यांना एकट्याला गोळी घेऊ देऊ नका. हे मास्तर आहेत, स्वतःला पास करून घेतात. आम्ही दोघांनी तिला शब्द दिला."

त्या क्षणी मला त्या स्टीलच्या पेल्याचा, इस्त्रीच्या शर्टाचा आणि त्या आरोळीचा अर्थ कळला. सगळी गल्ली ज्याला सरांचा विक्षिप्तपणा म्हणायची, तो बायकोला दिलेला शब्द होता.

डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू करून दिली. दुसऱ्या दिवशी आठला सरांनी खालून हाक मारली, "फार्मसी, ओट्यावर ये. बाटली नको, पाकीट आण."

मी गेले. दूधवाला थांबला होता. गोळी घेतली, पाणी प्यायले आणि पुटपुटले, "घेतली."

समोर मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या. "ऐकू नाय आलं."

"घेतली," मी जरा वर आवाज चढवला.

"अगं, शेळी तुज्यापरीस मोठ्यानं वरडती!"

मी डोळे मिटून ओरडले. "घेतली!"

"व्हय, बघितलं!" मावशींनी सरांच्या रेघेशेजारी दुसरी रेघ ओढली. गल्लीत कुणाचं काही अडलं नाही. दूधवाल्यानं विचारलं, "ताई, अर्धा लिटर की पाव?"

मावशींचं माहेर-सासर करमाडकडचं, मेंढरं राखणारं घर. कारखाने आले, चरायची रानं गेली, तशा त्या चार शेळ्या घेऊन शहराच्या कडेला आल्या. त्या दिवशी त्यांनी मला शेजारी बसवून सांगितलं, "आमच्याकडं सांजच्याला मेंढरं मोजून आत घेत्यात. एक जरी कमी भरलं ना, तर घरात कुनी जेवत नाय, आधी हुडकाया जायचं. तुमी तर दोनच हायसा. मोजायला काय लई जड हाय व्हय?"

त्या महिन्यात मी मेडिकलवर वर्तमानपत्र बांधणं सोडलं. चार घड्यांची चिठ्ठी आली की उलगडायची, सरळ करायची आणि नेहमीच्या आवाजात सांगायचं, "रोज एकाच वेळी घ्या. फरक पडायला काही आठवडे लागतील." कुणी "का?" असं विचारलं तर मी फांद्यांची गोष्ट सांगते. मागं रांग खोळंबते, पण माझा नाइलाज आहे. मी सरांची भाडेकरू आहे.

पुढं सर न्हाणीघरात पाय घसरून पडले, आणि पुण्याला असणारी त्यांची मुलगी त्यांना तिकडे घेऊन गेली. खालच्या घराची किल्ली माझ्याकडे आली. जाताना सर मावशींना म्हणाले, "रेघा चालू ठेवा. मी कळवत जाईन." मुलगी चांगली आहे, त्यांचं सगळं प्रेमानं करते. दर आठवड्याला दुरुस्ती येत राहिली, कधी मुंग्यांची, कधी माशांची, आणि शेवटी "गोळी चालू आहे, मावशीला सांग" असा निरोप. मावशी माझ्या मोबाइलवर तो ऐकून आठवड्याच्या सात रेघा ओढायच्या.

मग एक आठवडा दुरुस्ती आली नाही. दुसराही गेला. पाण्याचा दिवस होता. मी खिडकीतून पाइप खाली सोडत होते आणि एकदम हात थांबला. दोन पाण्याचे दिवस!

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला मी मावशींच्या दारात जाऊन मुलीच्या नंबरवर व्हिडिओ कॉल लावला. मुलगी रडवेली झाली होती. "माझंच चुकलं. घरी पाहुणे होते, मी म्हटलं, बाबा, जरा हळू बोला. तेव्हापासून ते आतच घ्यायला लागले. मग कळलं की घेतच नव्हते. काल डॉक्टरांकडे नेऊन आणलं, त्यांनी परत लिहून दिलीय. पण आज हात लावत नाहीत."

तिनं फोन सरांसमोर धरला. अंगावर चुरगळलेला सदरा, दाढीचे खुंट. नजर माझ्यावरून घसरून खाली गेली. मला ती ओली गादी स्पष्ट दिसली. ती मला कुठंही ओळखू येते.

"सर, दुरुस्ती आहे. लिहून घ्या," मी म्हटलं. "मला वाटायचं, मी एकटी तुमच्या जिवावर बरी झाले. चूक आहे. आपण दोघं एकमेकांच्या जिवावर होतो. तुम्ही सोडलेलं झेलायला मी इथं उभी आहे. मी अजून घेते सर, रोज आठला. ही बघा." मी गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायले आणि मावशींच्या शेळ्या दचकतील अशी ओरडले, "घेतली!"

"व्हय, बघितलं!" मावशींनी माझी रेघ ओढली आणि फोन हातातून ओढून घेतला. फोन त्यांनी भिंतीसमोर धरला, माझ्या रेघेशेजारची मोकळी जागा दाखवत. "मास्तर, ही बघा. किती दिस झालं, एक कमी भरतंय. म्या काल जेवले नाय. आज बी जेवू नको व्हय?"

पलीकडे खुर्ची सरकली. सर उठून आत गेले. मुलगी फोन घेऊन मागं गेली, नळाचा आवाज आला. परत आले तेव्हा त्यांच्या हातात स्टीलचा पेला होता. सर गॅलरीत गेले. नववा मजला, खाली सगळीकडे उंच इमारती. सरांनी गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्यायले. ओठ हलले.

मावशींनी फोन कानाला लावला, मग परत समोर धरला. "ऐकू नाय आलं."

सरांनी आमच्याकडे पाहिलं. मग शर्टाच्या गुंड्या चाचपाव्यात तशा सदऱ्याच्या गुंड्या चाचपल्या, पेला उंच धरला, आणि नवव्या मजल्यावरून अख्ख्या पुण्याला ऐकू जाईल असे ओरडले, "घेतली!"

मावशींनी कोळसा उचलला.